भातुकली

भातुकली हा महाराष्ट्रात पूर्वापार खेळला जाणारा लहान मुलांचा भूमिका वठवण्याचा बैठा खेळ आहे. घरातील भांड्याकुंड्यांच्या छोट्या प्रतिकृती मांडून मुले त्यात आई, वडील, आजी, पाहुणे, दुकानदार अशा भूमिका घेतात आणि स्वयंपाक, पाहुणचार, सण-समारंभ, लग्न असे प्रसंग आपापसांत ठरवून रंगवतात. या खेळात हार-जीत नसते. सर्वांनी मिळून चालवलेली गोष्ट हेच त्याचे फलित असते. साधारणतः तीन ते दहा वर्षे वयाची मुले भातुकली खेळतात. परंपरेने हा मुलींचा खेळ मानला गेला असला, तरी लहान वयात मुलगेही त्यात सामील होतात. मातीकाम, शिवण, रांगोळी, गाणी अशा अनेक छंदांची पहिली ओळख मुलांना याच खेळातून होत आली आहे.

नाव

'भातुकली' या शब्दाचा संबंध 'भातुके' या जुन्या मराठी शब्दाशी जोडला जातो. लहान मुलांना द्यावयाचा खाऊ असा त्याचा अर्थ आहे. बोलीभाषेत या खेळाला 'घर-घर', 'चूल-बोळकी' किंवा 'लुटुपुटूचा संसार' असेही म्हणतात. शब्दाची द्विरुक्ती करून भूमिकांच्या खेळांना नावे देण्याची मराठी मुलांची रीत आहे. 'शाळा-शाळा', 'दुकान-दुकान', 'डॉक्टर-डॉक्टर', 'लग्न-लग्न' ही नावे तशीच तयार झाली आहेत. जी गोष्ट खरी नाही, पण खरी धरून चालायचे आहे, ती या द्विरुक्तीने सुचवली जाते.

मराठीत 'भातुकलीचा खेळ' हा शब्दप्रयोग क्षणभंगुर किंवा पोरकट गोष्टीसाठी लाक्षणिक अर्थानेही रूढ आहे.

खेळाचे स्वरूप

घराचा कोपरा, ओसरी, अंगण, जिन्याखालची जागा किंवा झाडाची सावली ही भातुकलीची नेहमीची ठिकाणे होत. जुनी साडी किंवा चादर टांगून, खाट उभी करून अथवा जमिनीवर खडूने रेघा ओढून 'घर' आखले जाते. स्वयंपाकघर, माजघर, देवघर, अंगण यांच्या जागा ठरतात. त्यानंतर भूमिकांची वाटणी होते.

खेळाचे दोन प्रकार आढळतात. 'खोट्या-खोट्या' भातुकलीत पाने, माती, वाळू व पाणी यांपासून पदार्थ केले जातात. झाडाचे गोल पान भाकरी होते, विटेचा चुरा तिखट होतो, बारीक वाळू साखर होते आणि कालवलेली माती भाजी होते. 'खऱ्या-खऱ्या' भातुकलीत चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, डाळे, पोहे असा खाऊ घरातून मागून आणतात व छोट्या ताटल्यांत वाढून सर्वजण मिळून खातात. क्वचित मोठ्यांच्या देखरेखीखाली खरी चूल पेटवून भात किंवा पिठलेही शिजवले जाते.

नियम लिखित नसतात. खेळताना 'समज, आता रात्र झाली' किंवा 'असं धरू, की पाहुणे आले' अशा वाक्यांनी नवा प्रसंग सुरू होतो. इतरांनी तो मान्य केला, तर तो त्या गोष्टीतील वस्तुस्थिती ठरतो. मान्य न केल्यास वाद होतो, तडजोड होते किंवा डाव मोडतो. भूमिकेला न शोभणारे वागणेही खपवून घेतले जात नाही. आजी झालेल्या मुलीने पळू नये आणि बाळ झालेल्याने बोलू नये, हे खेळगडीच एकमेकांना बजावतात. फार लहान मुलांना 'लिंबू-टिंबू' म्हणून सामावून घेतले जाते. त्यांना भूमिका मिळते, पण चुकांचा दोष लागत नाही. भांडण झाल्यास 'कट्टी' आणि समेट झाल्यावर 'बट्टी' होते.

साहित्य

भातुकलीच्या संचात चूल, तवा, परात, पोळपाट-लाटणे, कढई, पळी, झारा, पातेली, तांब्या, घागर, जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, सूप, विळी, बंब, पाट, पाळणा अशा वस्तूंच्या लहान प्रतिकृती असतात. या प्रतिकृती माती, लाकूड, पितळ, तांबे, कथिल, दगड व पुढे पत्रा, स्टेनलेस स्टील आणि प्लास्टिक यांच्या बनू लागल्या. मातीची बोळकी कुंभाराकडून मिळत. संक्रांतीच्या सुगडांतील लहान बोळकीही मुले खेळासाठी जपून ठेवत. कोकणातील सावंतवाडी हे रंगीत लाकडी खेळण्यांचे प्रसिद्ध केंद्र असून तेथील चितार आळीत लाकडी भाज्या, फळे व भातुकलीच्या वस्तू तयार होतात.

विकतच्या संचापेक्षा घरी जमवलेल्या वस्तूंचा वाटा पुष्कळ ठिकाणी मोठा असे. नारळाच्या करवंट्या, बाटल्यांची झाकणे, काड्यापेट्या, चिंचोके, कवड्या, शिंपले, फुटक्या बांगड्या, कापडाच्या चिंध्या आणि खापराचे तुकडे यांना खेळात नवी ओळख मिळते. चिंध्यांची बाहुली शिवताना सुई-दोऱ्याचा, काड्यापेट्यांचे कपाट करताना कागदकामाचा आणि अंगणात रांगोळी काढताना चित्रकलेचा सराव होतो.

बाहुला-बाहुलीचे लग्न

भातुकलीतील सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे बाहुला-बाहुलीचे लग्न. मुलांचे दोन गट पडतात. एक वरपक्ष होतो, दुसरा वधूपक्ष. मागणी, याद्या, मुहूर्त, हळद, अंतरपाट, मंगलाष्टके, अक्षता, पंगत, वरात आणि पाठवणी असा क्रम मुले मोठ्यांचे पाहून पार पाडतात. बाहुलीचे कपडे शिवणे, मण्यांच्या मुंडावळ्या करणे, निमंत्रणे लिहिणे व गाणी रचणे ही कामे आधी काही दिवस चालतात. अनेक घरांत वडीलधारी माणसेही या लग्नात पाहुणे होऊन येत आणि खऱ्या फराळाची व्यवस्था करीत. मानापमान, रुसवे-फुगवे, हुंड्याच्या बोलण्या यांचीही नक्कल होते. त्यामुळे त्या त्या काळातील विवाहपद्धतीचे प्रतिबिंब या खेळात उमटते.

नांदेड आणि लातूर परिसर

मराठवाड्याच्या पूर्व व दक्षिण भागातील नांदेड आणि लातूर हे जिल्हे तेलंगण व कर्नाटक यांना लागून आहेत. येथे मराठीबरोबर दखनी-उर्दू, तेलुगू, कन्नड आणि बंजारा बोली, तर किनवट भागात गोंडी व कोलामी या भाषाही बोलल्या जातात. एकाच गल्लीतील मुले या खेळाला वेगवेगळ्या नावांनी ओळखू शकतात. उर्दूत छोट्या मडक्यांत स्वयंपाक करण्याच्या खेळास 'हंडकुलिया' म्हणतात, तर तेलुगूत त्याला 'बुव्वलाट' अर्थात भाताचा किंवा जेवणाचा खेळ असे नाव आहे. तेलुगू भाषक घरांतील 'बोम्मल पेळ्ळी' म्हणजेच बाहुल्यांचे लग्न होय.

या भागातील कोरडवाहू शेतीने खेळाला साहित्य पुरवले. ज्वारीच्या वाळलेल्या ताटांपासून, म्हणजे धांड्यांपासून, मुले बैलगाड्या, खाटा, चष्मे व माणसे करीत. धांड्याची साल काढली की आतला हलका गाभा आणि बाहेरची ताठ चिपाडे असे दोन भाग मिळतात. गाभ्यात चिपाडे टोचून खिळ्यांशिवाय वस्तू जोडता येते. पोळ्याला काळ्या मातीचे बैल केले जातात आणि सण झाल्यावर हे बैल मुलांच्या खेळात येतात. लातूर, धाराशिव व नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावास्येला 'येळवस' म्हणजे वेळ अमावास्या साजरी होते. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभारून पाच पांडवांची पूजा करतात आणि भज्जी, आंबील असे पदार्थ घेऊन कुटुंबे शेतात एकत्र जेवतात. कोप, पंगत आणि पाहुणचार या भातुकलीतल्या गोष्टी येथे मुलांना मोठ्या आकारात पाहावयास मिळतात.

पुढील काळात या भागात ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. ज्वारीचे क्षेत्र घटल्याने धांड्यांची उपलब्धता कमी झाली आणि त्यांच्यापासून खेळणी करण्याचे कौशल्यही मागे पडले.

पूर्वपीठिका

लहान आकाराच्या वस्तूंशी खेळणे फार प्राचीन आहे. सिंधू संस्कृतीच्या हडप्पा, मोहेंजो-दडो इत्यादी स्थळी मातीच्या छोट्या गाड्या, प्राणी व शिट्ट्या सापडल्या आहेत. लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे सातवाहनकालीन व्यापारी नगर होते. तेथे भाजलेल्या मातीच्या व केओलिनच्या अनेक मूर्तिका तसेच हस्तिदंती बाहुली सापडली असून, हा संग्रह तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात आहे. प्राचीन मूर्तिकांपैकी खेळणी कोणती आणि पूजेच्या वा शोभेच्या वस्तू कोणत्या, हे प्रत्येक वेळी निश्चित सांगता येत नाही.

संस्कृत साहित्यातही असे उल्लेख येतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात मुलींच्या खेळांमध्ये फुले वेचणे, माळा गुंफणे, घरकुल रचणे, बाहुल्यांशी खेळणे आणि खाद्यपदार्थ तयार करणे यांचा निर्देश आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या नाटकाला मातीच्या खेळण्यातील गाडीवरून नाव मिळाले आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन याला शेजारच्या मुलासारखी सोन्याची गाडी हवी असते, पण गरिबीमुळे त्याच्या वाट्याला मातीची गाडी येते. खेळण्यांतून दिसणारी आर्थिक विषमता हा विषय त्या नाटकाइतका जुना आहे.

बालविकासातील स्थान

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉत्स्की यांनी १९३३ मधील एका व्याख्यानात कल्पनेच्या खेळाविषयी महत्त्वाचे प्रतिपादन केले. कल्पनेचा खेळ मोकाट वाटला, तरी त्यात भूमिकेचे नियम दडलेले असतात, असे त्यांचे मत होते. त्यांनी दोन सख्ख्या बहिणी 'बहिणी-बहिणी' खेळतात, हे उदाहरण घेतले. एरवी नकळत होणारे बहिणीचे वागणे खेळात जाणीवपूर्वक होते आणि त्यामुळे बहीण असणे म्हणजे काय, हे मुलींच्या ध्यानात येते. एखाद्या वस्तूला दुसरी वस्तू मानल्याने शब्दाचा अर्थ वस्तूपासून सुटा होऊ लागतो, असेही त्यांनी दाखवले. विटेचा चुरा तिखट होतो, तेव्हा हीच क्रिया घडत असते.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९४५ च्या ग्रंथात प्रतीकात्मक खेळाचे सविस्तर विवेचन केले. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे सामाजिक टप्पे मांडले. शेजारी बसून स्वतंत्रपणे खेळण्यापासून कामे वाटून सहकार्याने खेळण्यापर्यंतचा प्रवास त्यात दिसतो. भूमिका वाटून खेळली जाणारी भातुकली या शेवटच्या टप्प्यात मोडते.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केले आणि पुढे ते कोसबाड येथे वाढवले. महागड्या साधनांऐवजी परिसरातील बिया, पाने, माती, शिंपले यांपासून शैक्षणिक साहित्य करण्यावर त्यांचा भर होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांतही पूर्वप्राथमिक शिक्षणाचा भाग म्हणून खेळाला स्थान आहे.

टेबलटॉप भूमिकाखेळांशी साम्य व भेद

मित्रांनी टेबलाभोवती बसून, प्रत्येकी एक पात्र घेऊन, संवादांतून गोष्ट पुढे नेण्याच्या खेळास टेबलटॉप भूमिकाखेळ म्हणतात. या प्रकारातील पहिला व्यावसायिक खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला व तो १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचा उगम छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांत आहे. ब्रिटिश लेखक एच. जी. वेल्स यांनी 'फ्लोअर गेम्स' (१९११) व 'लिटल वॉर्स' (१९१३) या पुस्तकांत खेळण्यातील सैनिक आणि ठोकळे जमिनीवर मांडून खेळण्याच्या पद्धती सांगितल्या होत्या. १९६९ मध्ये डेव्हिड वेझली यांनी युद्धखेळातील प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. हा बदल पुढील भूमिकाखेळांना उपयोगी ठरला.

भातुकली आणि हे खेळ यांत मूळ घडण सारखी आहे. दोन्हींत भूमिका घेतल्या जातात, लहान प्रतिकृती वापरता येतात, गोष्ट आधी लिहिलेली नसते आणि एकाने सुचवलेला प्रसंग इतरांनी स्वीकारल्याशिवाय पुढे सरकत नाही. भेद मुख्यतः निर्णयपद्धतीत आहे. टेबलटॉप खेळात नियमपुस्तक असते, सूत्रधार असतो आणि एखादी कृती साधली की फसली हे बहुधा फाशांवरून ठरते. त्यासाठी चार ते वीस बाजूंचे फासे वापरतात. भातुकलीत फासे नसतात. सूत्रधाराचे काम बहुधा वयाने मोठी मुलगी करते आणि वाद बोलूनच मिटवावे लागतात.

अशा खेळातून लेखन व इतर कला फुलल्याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील ब्राँटी भावंडांचे आहे. १८२६ मध्ये घरी आलेल्या बारा लाकडी सैनिकांना नावे व स्वभाव देऊन त्यांनी काल्पनिक राज्ये रचली, त्यांचे नकाशे काढले आणि अतिशय बारीक अक्षरांत हाताने छोटी पुस्तके तयार केली. त्यांतील शार्लट, एमिली व अ‍ॅन या पुढे इंग्रजीतील नामवंत लेखिका झाल्या.

लिंगभाव आणि खेळण्याचा हक्क

भातुकलीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, ती मुलींना चूल-मूल या चौकटीची सवय लावते. मुलींना बोळकी व बाहुली आणि मुलग्यांना गाडी व चेंडू देण्याची प्रथा कामाच्या विभागणीचे शिक्षण लहानपणीच देते. मुलगा भातुकली खेळू लागल्यास त्याची चेष्टा होते, हाही त्याच विभागणीचा परिणाम आहे. उलटपक्षी, खेळात भूमिका बदलता येतात याकडेही लक्ष वेधले जाते. मुलगी वडील, डॉक्टर किंवा सरपंच होऊ शकते आणि मुलगा भाकरी थापू शकतो. मोठ्यांची नक्कल करताना मुले त्यांची थट्टाही करतात.

खेळातील भूमिका स्वेच्छेने घेतलेली असते आणि ती सोडता येते. प्रत्यक्षात लादल्या जाणाऱ्या भूमिकेला ही मुभा नसते. मराठवाड्यात हा फरक ठळकपणे जाणवतो. येथून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कोपीवर मागे राहिलेल्या मोठ्या मुलीवर पाणी भरणे, स्वयंपाक करणे आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे ही कामे येऊन पडतात. भातुकलीच्या वयातच तिला खरा संसार करावा लागतो. अशा मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून साखरशाळा व गावांतील हंगामी वसतिगृहे असे उपाय योजण्यात आले.

बालविवाहाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार विवाहासाठी मुलीचे वय किमान १८ व मुलाचे २१ वर्षे आवश्यक आहे. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा अधिक होते. बाहुलीचे लग्न लावण्याचे वय आणि स्वतःचे लग्न लागण्याचे वय यांत अशा मुलींच्या बाबतीत फार थोडी वर्षे असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) ३१ व्या कलमाने विश्रांती, फुरसत व वयाला साजेसा खेळ हा प्रत्येक बालकाचा हक्क मानला आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. या कलमानुसार खेळ हे अभ्यास किंवा काम उरकल्यावर मिळणारे बक्षीस ठरत नाही. बालपणाची ती स्वतंत्र गरज ठरते.

सद्यस्थिती

लहान कुटुंबे, अंगण नसलेली घरे, शाळा व शिकवण्यांनी व्यापलेला दिवस आणि मोबाइलवरील खेळ यांमुळे भातुकलीला मिळणारा वेळ व सवंगडी कमी झाले आहेत. जाते, उखळ, बंब या वस्तू घरांतून गेल्याने त्यांच्या प्रतिकृतींचा अर्थ आजच्या मुलांना मुद्दाम समजावून द्यावा लागतो. त्याऐवजी गॅसची शेगडी, मिक्सर, फ्रीज, डॉक्टरची पेटी असे प्लास्टिकचे संच बाजारात आले आहेत. जुन्या भातुकलीकडे आता गृहजीवनाच्या इतिहासाचे साधन म्हणूनही पाहिले जाते. पुण्यातील विलास करंदीकर यांनी अशा वस्तूंचा मोठा संग्रह करून त्यांची प्रदर्शने भरवली आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पायाभूत स्तरावर खेळाधारित शिक्षणाचा पुरस्कार केलेला आहे. त्या धोरणाला अनुसरून फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' हे साहित्य प्रसिद्ध करण्यात आले. त्यात खेळणी, बाहुल्या व कोडी यांचा समावेश आहे. वर्गात वापरले जाणारे असे साहित्य शिक्षकाच्या योजनेनुसार चालते. भातुकलीत मात्र घर कोठे आखायचे, पाहुणे कधी यायचे आणि डाव केव्हा मोडायचा, हे मुलेच ठरवतात.

हेही पाहा

बाहुली
पोळा
वेळ अमावास्या
सारीपाट
मोक्षपट
टेबलटॉप भूमिकाखेळ